स्टँपपेपरची उत्तरपूजा

माझ्याकडे ज्याची यादी नाही असा विषय घरात सापडणं कठीण. प्रवासाची यादी आहे, फ्रीजमधल्या कोणत्या डब्यात काय आहे याची यादी फ्रीजच्या दारावर आहे, आणि नवऱ्याला कोणकोणत्या गोष्टी सांगून झाल्या आहेत याचीही एक आहे, कारण 'मला कुणी सांगितलंच नाही' हे त्याचं आवडतं वाक्य आहे. परळमधल्या ज्या कंपनीत मी ऑफिस सांभाळायचे ती नवी मुंबईला गेली आणि मी गेले नाही. तेव्हा आता ही बाई दिवसभर घरात बसून आणखी कशाकशाच्या याद्या करणार, या काळजीनं घरच्यांनीच मला धंदा काढायला लावला असावा असा माझा संशय आहे.

धंदाही याद्यांचाच निघाला. कुणाकडे सत्यनारायण असतो, बारसं असतं, वास्तुशांत असते. भटजी फोनवर साहित्य सांगतात, घरातलं कुणीतरी ते लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे उतरवून घेतं, आणि ऐन पूजेच्या सकाळी जानवं राहिलेलं असतं. जानवं नाही तर अत्तर. अत्तर नाही तर हळकुंडं. मग घरातला एक माणूस पायात मिळतील त्या चपला घालून बाजाराकडे पळतो. हे पळणं बंद करायचं, एवढाच आमचा धंदा. प्रत्येक कार्याची एक पेटी. आत सगळं पुड्यांत बांधलेलं, पुडीवर नाव, पुड्या ज्या क्रमानं लागतात त्याच क्रमानं रचलेल्या, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली.

'आमचा' म्हणजे माझा आणि माझ्या थोरल्या जावेचा. याद्या माझ्या, हात तिचा. ती बांधते ती पुडी पूजेच्या ताटात उघडेपर्यंत उघडत नाही, आणि उघडायची म्हटली की एका बोटानं उघडते. थोरले दीर गेल्यापासून तिचं घर तिच्या पगारावर चालत होतं. ती लालबागच्या एका केटरर शेठच्या स्वयंपाकघरात मोठ्या भट्टीसमोर उभी राहून भाज्या आणि रस्से करायची. तिच्या हातांना त्या कामाचं काही वाटत नसे, पण गुडघ्यांना वाटायला लागलं होतं. पाय वर घेऊन बसली की ती स्वतःच गुडघ्यांशी बोलायची. "काय रे बाबांनो, अजून किती?"

नातेवाइकांत आणि ओळखीत आम्ही हौसेनं पेट्या देत होतो, तेवढ्यावर कुणाचं घर चालणार नव्हतं. मग दादरच्या एका मंगल कार्यालयाच्या मॅनेजरनं आमची साखरपुड्याची पेटी पाहिली. झाकण उघडून यादी वाचली, पुड्या मोजल्या, आणि म्हणाला, "मॅडम, पुढच्या मोसमाची सगळी कार्यं तुम्हाला देतो. पण आमच्या मालकांचं एकच आहे. धंदा नोंदलेला पाहिजे, बँकेत धंद्याचं खातं पाहिजे. महिनाअखेरीला आम्ही पुरवठादार ठरवतो. तोपर्यंत कागद आला तर काम तुमचं. नाही आला तर या, चहा घेऊन जा."

जावेनं त्याच संध्याकाळी शेठला सांगितलं, मी सोडते. शेठ माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत काम करत राहा, तुझी जागा ठेवतो. तेवढ्यात कळव. नंतर माणूस घेईन आणि मग तू परत आलीस तर मला काढता येणार नाही त्याला."

म्हणजे दोन्हीकडची मुदत एकच. कागद आला तर माझी जाऊ भट्टीसमोरून सुटणार होती. नाही आला तर गुडघ्यांना अजून बरीच वर्षं कळ काढायला सांगावं लागणार होतं. कागद आणायचं माझ्याकडे आलं, कारण घरात फाइल नावाची वस्तू फक्त माझ्याकडे आहे.

मी फाइलला निळी टेप लावली आणि आत कप्पे केले. भागीदारीचा करार, दोघींचे फोटो, आधार, पॅन, दुकानाच्या मराठी पाटीचा फोटो, जागेचं संमतीपत्र. सरकारी नोंदणीला आता काहीही नवं नाव असेल, आमच्याकडे सगळे तिला अजून गुमास्ताच म्हणतात. 'गुमास्ता झाला का?' असं जिन्यात मला इतक्या जणांनी विचारलं, की एका शेजारणीनं घरात कुणाला मुलगा झालाय का म्हणून चौकशी केली.

अर्ज मी स्वतःच कॉम्प्युटरवर भरला. त्यात एका ठिकाणी 'व्यवसायाचे स्वरूप' निवडायचं होतं. खाली एक लांबलचक यादी उघडली. मी यादीची माणूस, पण एवढी यादी मीसुद्धा पाहिली नव्हती. त्यात दोरखंड होते, मेणबत्त्या होत्या, जुन्या बाटल्या होत्या. लोकांच्या वतीनं लक्षात ठेवणे, असं कुठेच नव्हतं.

"मेणबत्तीत घाल," जाऊ म्हणाली.

"आपण मेणबत्त्या कुठे विकतो?"

"समई विकतो ना. मेणबत्तीची थोरली बहीणच ती."

शेवटी 'किरकोळ विक्री, इतर' यावर बोट ठेवलं. धंद्याचं नाव काय ठेवलं ते इथे सांगत नाही, जाहिरात केल्यासारखं होईल. एवढंच सांगते, की सासूबाईंना त्यात गावच्या देवीचं नाव हवं होतं, जावेला दोघींची हवी होती आणि मला लहान हवं होतं. पाटी मोठी करून घ्यावी लागली.

सगळ्यात अवघड कप्पा मला वाटला होता तो संमतीपत्राचा. जागा म्हणजे आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरचा छोटा गाळा. गिरणी सुटल्यावर सासरे जुन्या चाळीतल्या एका खोलीत शिलाई मशीन टाकून बसायचे. चाळ पाडून इमारत झाली तेव्हा त्या खोलीच्या बदली हा गाळा सासूबाईंच्या नावानं मिळाला, आणि तेव्हापासून त्यात गणपतीचं मखर, दोन पत्र्याच्या पेट्या आणि ते मशीन राहतं. मोबाइल दुरुस्तीवाला भाड्यानं मागायला आला होता. सासूबाईंनी त्याला लिंबाचं सरबत दिलं आणि नकार दिला. चहाची पावडर विकणारा आला, त्याला सरबतही मिळालं नाही.

म्हणून मी विचारायला गेले तीच तयारीनं. मुद्दे कागदावर काढले होते. पहिल्या मुद्द्याच्या मध्यावर सासूबाई म्हणाल्या, "वाचतंस काय? दिलंय." म्हणजे जागा दिली. त्या लग्न होऊन सिंधुदुर्गातून लालबागला आल्या आणि नंतर कधी गावाला फार राहिल्या नाहीत, पण मालवणी त्यांनी सोडली नाही. आम्ही सुना त्यांच्याशी आमची मराठी बोलतो, त्या त्यांची.

"आई, सही करावी लागेल. स्टँपपेपरवर. नोटरीसमोर."

"करतंय. खोली माझी आसा, ह्यां त्याच्यार लिवलला आसा ना?"

"तेच तर लिहिलंय."

"मगे बरा."

भोईवाड्याला कोर्टाच्या बाहेर नोटरी बसतात, तिथे टॅक्सी करून त्यांना नेलं. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर आधीच्या अक्षराला चिकटू न देता सही केली. नोटरीनं जांभळा गोल शिक्का मारला. कागद मी प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला, घरी आणला, टेबलावर ठेवला, आणि यादीत त्याच्यापुढे बरोबरची खूण करून आंघोळीला गेले.

बाहेर आले तेव्हा सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या. कागद पाकिटाबाहेर होता. शेजारी कुंकवाचा करंडा होता आणि पाण्याची वाटी होती. कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लागली होती. आमच्याकडे पहिल्या लग्नपत्रिकेला लावतात, नव्या वहीला लावतात, नव्या गॅसच्या शेगडीला लावली होती. कोपऱ्यांवर थांबल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. पण वर मध्यभागी शासनाचं चिन्ह दिसलं, तिथेही त्यांनी भक्तिभावानं एक बोट टेकवलं. आणि खाली नोटरीचा गोल शिक्का दिसला, तो त्यांना देवासमोरच्या यंत्रासारखा वाटला असावा. त्याला तर भरघोस लावलं होतं. पाण्यात कालवलेलं कुंकू शिक्क्यावरून ओघळून सहीपर्यंत आलं होतं.

"आई! हे काय केलंत?"

"काय केलंय? नवो कागद. कोरड्या कपाळान घराभायर धाडूचो?"

मी केसांना गुंडाळलेला टॉवेल सोडून कागद टिपायला धावले. कुंकू टिपलं की पसरतं, हे मला त्या दिवशी कळलं. शिक्का होता तिथे आता एक सुंदर सूर्योदय झाला होता.

तरी मी तो स्कॅन केला. उजळ करून पाहिला, काळापांढरा करून पाहिला. काळापांढरा केल्यावर सूर्योदयाचं ग्रहण झालं. तसाच अपलोड केला आणि मनात म्हटलं, कुणी एवढं बघत नसेल. बघतात. अर्ज परत आला आणि त्यावर एकच ओळ होती. जागेचे संमतीपत्र सुवाच्य नाही.

मी मूळ कागद घेऊन नोंदणीच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या बाईंनी तो उजेडाकडे धरला, मग तिरका धरला.

"शिक्का कुठाय?"

"कुंकवाखाली."

"आणि सही?"

"तीही तिथेच, थोडी बाहेर आलेली दिसेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सासूबाई?"

"सासूबाई."

"माझ्या सासूनं माझ्या नव्या स्कूटरच्या मीटरला लावलं होतं. किती किलोमीटर झाले ते अजून कळत नाही." त्यांनी कागद परत दिला. "मला समजतंय हो ताई, पण कॉम्प्युटरला सासू नसते. नवीन करून आणा. आणि त्यात एक वाक्य घाला, की आधीचं संमतीपत्र रद्द. नाहीतर एकाच जागेची दोन संमतीपत्रं दिसतील. लगेच आणलंत तर मी लगेच बघते."

मला हायसं वाटलं. नवा स्टँपपेपर, पुन्हा टॅक्सी, पुन्हा सही. माझ्या हिशेबानं सकाळचं काम. घरी येऊन मी सासूबाईंना तसं सांगितलं, आणि 'रद्द' हा शब्द तोंडातून बाहेर पडताक्षणीच मला कळलं की हे सकाळचं काम नाही.

"पूजलेलो कागद रद्द करतलंस?"

"आई, सरकारी पद्धत आहे ती."

"सरकार पूजा करता? पूजा मियां केलंय. देवाक काय सांगूचा? चुकान पूजलंय म्हणान?" त्यांनी करंड्याचं झाकण घट्ट लावलं. "ज्या धंद्याचो पयलोच कागद रद्द, तो धंदो करू नये. माझी सही होवची नाय."

हे त्या चिडून म्हणाल्या असत्या तर मी समजूत काढली असती. त्या घाबरल्या होत्या. थोरल्या सुनेनं हातातली नोकरी सोडून जे सुरू करायचं, त्याच्या पहिल्याच कागदावर अपशकुन करणारी बोटं आपली असणार, या विचारानं त्यांचा चेहरा उतरला होता. खोली द्यायला त्यांना एक क्षण लागला नव्हता. ती दिलेली परत घेऊन पुन्हा द्यायची, हे मात्र त्यांच्याच्यानं होईना.

पुढे काय काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. नवऱ्यानं आईला समजावलं. तो आत गेला तो खोबऱ्याची वडी खात बाहेर आला आणि म्हणाला, "तिचं बरोबर वाटतंय." मी कायद्याची बाजू मांडली. सासूबाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "ह्यां देवाक म्हायत आसा?" शेजारणीनं सुचवलं की कुंकू पेट्रोलनं निघतं. मंगल कार्यालयाच्या मॅनेजरनं फोन केला, "मॅडम, येताय ना? कागद घेऊन की चहाला?"

एका दुपारी शेठच्या स्वयंपाकघरातून येऊन जाऊ पाय वर घेऊन बसली आणि गुडघ्यांशी एक शब्दही बोलली नाही. मला म्हणाली, "गो, राहू दे. आईंच्या मनाला लागेल असं करून मला धंदा नको. शेठला सांगते मी, राहते म्हणून."

"महिनाअखेर व्हायची आहे अजून. तुम्ही कुणाला काही सांगू नका, वहिनी."

"तुझ्या यादीत आहे का काही उपाय?"

नव्हता. म्हणून मी हातातलं काम पुढे ओढलं. ओळखीतल्या एका घरची सत्यनारायणाची पेटी भरायची होती. मी झाकणावरची यादी वाचत होते आणि जाऊ एकेक पुडी टाकत होती. सुपाऱ्या. टाकल्या. बदाम, खारका. टाकल्या. अबीर, गुलाल. टाकले. कापसाची वस्त्रं. टाकली. सगळ्यात शेवटची, सगळ्यात वर ठेवायची, कारण ती दुसऱ्या दिवशी सकाळी लागते.

"उत्तरपूजेच्या अक्षता," मी वाचलं.

"टाकल्या," जाऊ म्हणाली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

मांडलेली पूजा कुणी रद्द करत नाही. तिची उत्तरपूजा करतात. हळदकुंकू वाहायचं, अक्षता टाकायच्या, देवाला म्हणायचं की आता निघा आणि पुन्हा या, आणि चौरंग जरासा हलवायचा. त्यानंतर सुपारी ही नुसती सुपारी असते. ती फोडून खाल्ली तरी कुणाला पाप लागत नाही. गणपती आपण दर वर्षी असेच पोचवतो. मग एका स्टँपपेपरला पोचवायला काय हरकत आहे?

जाऊ खुदकन हसली. "गो, वेडी आहेस तू." मग लगेच म्हणाली, "पण भटजींना विचार."

आमचे भटजी फणसवाडीत राहतात. आमच्या सगळ्या याद्या त्यांनीच तपासून दिलेल्या आहेत. मी फोन स्पीकरवर ठेवला आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं दाराशी बसले.

"बोला वहिनी. कुठली पेटी?"

"पेटी नाही गुरुजी. उत्तरपूजा विचारायची होती."

"कसली?"

"स्टँपपेपरची."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजले. मग, "वहिनी, मी गाडीवर आहे. बाजूला घेतो." गाडी बाजूला घेतल्याचा आवाज आला. "हां. आता पुन्हा सांगा."

मी सगळं सांगितलं. ते मध्ये एकदा खोकले, पण ते खोकणं नव्हतं.

"पूजा कुणी केली?"

"सासूबाईंनी."

"मंत्र?"

"मनातल्या मनात."

"मग उत्तरपूजाही त्यांनीच मनातल्या मनात करायची. ज्याचं आवाहन त्याचंच विसर्जन. माझी काही गरज नाही."

दाराआडून सासूबाईंचा आवाज आला. "गुरुजी, कागदाक चलता उत्तरपूजा?"

"आजी, वहीपूजन करतो ना आपण? दसऱ्याला पुस्तकं पुजतो, आणि दुसऱ्या दिवशी मुलं तीच उघडून वाचतात. तोही कागदच की. फक्त मान देऊन उठवायचा, झिडकारायचा नाही."

"आणि नव्या कागदात रद्द लिवतत त्येचा काय?"

"ते वकिलाला विचारा. तो माझ्या शास्त्रातला शब्द नाही."

मी नोटरीला विचारलं. त्यानं क्षणभर विचार केला आणि सांगितलं, की 'हे संमतीपत्र आधीच्या संमतीपत्राच्या जागी करून देत आहे' असं लिहिलं तरी काम होतं. ऑफिसातल्या बाईंनाही चाललं. सासूबाईंनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "जागी," त्या म्हणाल्या. "जागी बरा आसा. आजोबाच्या जागी नातू येता, तसा."

उत्तरपूजेची यादी मी केली. चौरंग, हळदकुंकू, अक्षता, फूल, निरांजन, नैवेद्याला साखर. तळाला टीप लिहिली, कुंकू कोरडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यातच चौरंग मांडला, मखराच्या आणि शिलाई मशीनच्या मध्ये. चौरंगावर तो कागद. मी, जाऊ आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून बुटांसकट आलेला आणि हाकलला जाऊन अनवाणी परत आलेला माझा नवरा. सासूबाई मनातल्या मनात करणार होत्या. पण हात जोडल्यावर त्यांना राहवेना, आणि त्यांनी गावच्या पद्धतीनं मोठ्यानं गाऱ्हाणंच घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं. ते आपोआप येतं.

"माझ्या सुनांनी धंदो काढलो हा. मियां तेंका खोली दिलंय, आणि मायेन ह्या कागदाक कुकू लावलंय. तां कुकू वायच जास्त झाला, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझा आवाज जरा जास्त मोठा लागला असावा. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"सरकाराक वाचूक येवक नाय, त्येचो दोष सरकाराक लावू नको, आणि माकाही लावू नको. ह्येचो मान ह्येका मेळालो. आता ह्येका मोकळो कर. ह्येच्या जागी दुसरो येतलो, तो ह्येचो सख्खो भाव समज, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि माझ्या थोरल्या सुनेक त्या भट्टीसमोर परत उभी करू नको."

नवरा जमिनीकडे बघत होता. मी जावेकडे पाहिलं, ती निरांजनाची वात सरळ करत होती, जी सरळच होती. सासूबाई डोळे मिटून थांबल्या होत्या. गाऱ्हाणं होकाराशिवाय पुढे जात नाही.

"व्हय म्हाराजा," जाऊ म्हणाली, एकटी.

सासूबाईंनी अक्षता टाकल्या आणि चौरंग बोटभर हलवला. कागद उचलला, कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला. "घे. आता नुसतो कागद."

त्याचं पुढे काय करायचं यावर अर्धा तास वाद झाला. नवरा म्हणाला समुद्रात, मी म्हटलं समुद्रात कागद टाकायचा नाही, आणि मुळात मी कोणताच कागद टाकत नाही. शेवटी मी त्याची झेरॉक्स काढून फाइलला लावली आणि मूळ कागद बारीक तुकडे करून तुळशीच्या कुंडीत मातीआड केला. आमच्या तुळशीच्या मुळाशी महाराष्ट्र शासनाचा मुद्रांक आहे. ती जोमात आहे.

लगेच टॅक्सी करून पुन्हा भोईवाडा. सासूबाईंनी या वेळी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते आणि सही करण्यापुरता उजवा बाहेर काढला. सही झाल्यावर तो परत आत गेला. नोटरीनं शिक्का मारला आणि त्याची नोंद करायला मोठं रजिस्टर ओढलं. सासूबाईंची नजर तिथे खिळली. रजिस्टरच्या कोपऱ्यात वाळलेल्या कुंकवाची बोटं होती.

"ह्येका चलता?" त्यांनी बोट दाखवून विचारलं. बोट, पण लांबून.

"आजी, ते कव्हरला आहे. पाडव्याला लावतो. आत नाही लावायचं."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. आयुष्यात माझ्याकडे इतक्या तुच्छतेनं फारच कमी वेळा कुणी पाहिलं असेल. "कव्हराक चलता. तुका ह्यां कित्याक म्हायत नाय?"

खरंच माहीत नव्हतं. घरी आल्याबरोबर मी ते एका यादीत लिहून टाकलं.

कागद वर चढवला आणि या वेळी अर्ज परत आला नाही. नोंदणीपत्र आलं तेव्हा महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. मी ते छापून घेतलं, बँकेत गेले, खातं उघडायला दिलं आणि तसंच दादरला जाऊन मॅनेजरच्या टेबलावर प्रत ठेवली. त्यानं ती वाचली आणि चहाही मागवला. पेट्यांचं काम आम्हाला मिळालं.

संध्याकाळी सगळे गाळ्यात जमलो. जावेनं शेठला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, कारण ऐकायचं सगळ्यांना होतं.

"शेठ, माझ्या जागेवर माणूस घ्या."

"नक्की ना? विचार करून सांग. पुन्हा आलीस तर जागा नसेल."

"पुन्हा येणार आहेच मी," जाऊ म्हणाली. "तुमच्या नव्या घराची वास्तुशांत आहे ना पुढच्या महिन्यात? पेटी घेऊन येते. जानवं राहायचं नाही तुमचं."

शेठ इतका हसला की फोन टेबलावर थरथरला. "तू पेटी आण, जेवण मात्र माझ्याकडेच जेवून जा. बसून."

"बसून," जाऊ म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिनं खाली बघून गुडघ्यांवर एकेक थाप मारली. "ऐकलंत?"

सासूबाई तोपर्यंत करंडा घेऊन आल्या होत्या. मी नोंदणीपत्र फाइलमध्ये सगळ्यात आत सरकवलं, फाइल बंद केली आणि कव्हर त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चारही कोपऱ्यांना बोटं लावली, मागच्या बाजूलाही लावली, मशीनच्या चाकाला एक लावलं, पाटीला लावायला नवऱ्याला स्टुलावर चढवलं. करंड्यात अजून थोडं उरलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, टेबलावरचा जावेचा फोन त्यांना दिसला, आणि या वेळी त्यांनी आधी विचारलं.

"धाकटे, ह्येका कव्हर आसा मां?"

होतं.